पहिलं पुस्तक एवढं आवडलं की पुढचं उघडवत नाही

मांडवीकाठी

मंडळी, मुलीमुळे एका फँटसी मालिकेच्या नादी लागलेय आणि आता पहिल्या पुस्तकाच्या शेवटाशी येऊन अडले आहे. म्हणून हा धागा.

मुलगी आठवीत. पणजीला पाटोच्या सेंट्रल लायब्ररीतून तिनं उर्सुला ल ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आणलं. १९६८ सालचं पुस्तक, अर्थसी मालिकेतलं पहिलं. दहाच प्रकरणं. हल्लीच्या जाडजूड फँटसीपुढे अगदी सडपातळ. वाचून झाल्यावर तिनं ते माझ्यापुढे ठेवलं, "आई, आधी वाच, मग बोलू." बाहेर पाऊस लागला होता, वीज येऊन-जाऊन होती. बसले वाचत, आणि जेवायला उठायचंही जिवावर आलं.

गोष्ट अशी: समुद्रात पसरलेली शेकडो बेटं. त्यातल्या गॉन्ट नावाच्या डोंगराळ बेटावर एक आईविना वाढलेला पोर शेळ्या राखतो. मावशी गावातली चेटकीण. तिच्या तोंडून ऐकलेला मंत्र तो अर्थ न कळता शेळ्यांवर म्हणून बघतो. झालं! सगळ्या शेळ्या येऊन त्याला चिकटतात. शिंगं, लोकर, वास, सगळं अंगावर, आणि एकही बाजूला होईना. हा रडत-ओरडत डोंगर उतरतो आणि शेळ्यांचा तो गठ्ठा त्याच्यासकट गावात येतो. मुलगी हे मला सांगताना खुर्चीवरून पडायची बाकी होती.

मला मात्र भावला तो पावसाचा प्रसंग. ओगियन हा थोर जादूगार पोराला शिष्य करून घेतो. पोराला वाटतं, आता चमत्कार सुरू होणार. वाटेत पाऊस लागतो. बेटांवरचे साधे गावठी जादूगारसुद्धा ढग पुढे ढकलून देतात. ओगियन काहीच करत नाही. झाडाखाली अंग मुडपून झोपतो आणि पावसाला पडू देतो. शिष्य भिजत, चडफडत विचार करतो, मग या विद्येचा उपयोग काय? उत्तर लगेच मिळत नाही. पुढे रोक बेटावरच्या विद्यालयात कळतं की इथे पाऊस पाडलात तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडू शकतो.

आता माझा प्रश्न. मालिकेत यापुढे आणखी पुस्तकं आहेत. पण पहिल्याचा शेवट इतका पुरा आहे की पुढे जायला मन घेत नाही. पहिलं आवडलेलं पुस्तक पुढच्यांनी बिघडवलं असं तुमचं कधी झालंय? आम्ही दोघींनी पुढे वाचावं, की इथेच थांबावं?

केपेकर

वाचा. एवढं आवडलंय तर थांबायचं कशाला?

रातांबा

थांबा. मालिका म्हणजे पहिल्या पुस्तकाची पुण्याई पुढच्यांनी खायची. माझा आजवरचा अनुभव हाच आहे. पहिल्या भागात लेखकाकडे सांगायला गोष्ट असते, तिसऱ्यात प्रकाशकाशी केलेला करार असतो.

सांजवेळ

रातांबा, इतर मालिकांचं माहीत नाही, पण अर्थसीला हे लागू नाही. ल ग्विननं हे पुस्तक लिहिलं तेव्हा मालिका तिच्या डोक्यातच नव्हती. प्रकाशकानं तिला किशोरवयीन मुलांसाठी काहीतरी लिहायला सांगितलं. तोवर तिनं या वयासाठी लिहिलं नव्हतं. मग तिला प्रश्न पडला की गोष्टींतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारेच का? ते कधीतरी पंधरा वर्षांचे असतील की! तेव्हा ते काय करत होते, कुठे शिकले? त्या प्रश्नातून गेड, म्हणजे तो शेळ्या राखणारा पोर, आला. आधी तिनं मोठ्या कागदावर बेटांचा नकाशा काढला आणि मग गोष्ट.

दुसरं 'द टूम्ब्स ऑफ अटुआन' १९७१ चं, तिसरं 'द फार्देस्ट शोअर' १९७२ चं. चौथं 'तेहानू' थेट १९९० मध्ये आलं. करारापायी लिहिणारी बाई अठरा वर्षं थांबत नाही.

रातांबा

अठरा वर्षांचा मुद्दा मान्य. बाकी वाचल्याशिवाय बोलत नाही.

तारवटी

मांडवीकाठी, धागा वाचून बरं वाटलं. मी जहाजावर असतो, सध्या घरी आहे. हे पुस्तक केबिनमध्ये वाचलंय, एका सहकाऱ्यानं उतरताना मागे ठेवलेलं.

समुद्रावर लिहिणारे पुष्कळ, पण समुद्राला घाबरून लिहिणारे थोडे. या बाईला समुद्र कळला होता. गेड जादूचा वारा उभा करून शीड फुगवतो, पण तो वारा चालू ठेवायला त्याला जागं राहावं लागतं, आणि दमला की वारा पडतो. फुकट काहीच नाही. आमच्या घरात आजोबांच्या वेळेपर्यंत शिडाचं गलबत होतं. वारा पडला की काय होतं ते घरात ऐकत आलोय.

आणि ती होडी! गेडला प्रवासासाठी होडी हवी असते, जवळ द्यायला काही नसतं. एका म्हाताऱ्या कोळ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेले. गेड त्याची दृष्टी परत आणतो आणि त्याच्याकडून जुनी होडी घेतो. म्हातारा सांगतो, हिला लुकफार म्हण आणि नाळेच्या दोन्ही बाजूंना डोळे रंगव, म्हणजे माझे आभार त्या आंधळ्या लाकडातून तुझ्यासाठी बघत राहतील. मी हे वाचून पुस्तक मिटलं आणि डेकवर गेलो. कित्येक बंदरांत होड्यांना डोळे रंगवलेले बघितलेत, त्यांच्याकडे त्यानंतर निराळ्याच नजरेनं बघतो.

अक्षरवेडी_म्हापसा

तारवटी, काय सुंदर लिहिलंत.

या पुस्तकातली नावांची गोष्ट कुणी काढली नाही अजून. अर्थसीमध्ये प्रत्येक वस्तूला, प्रत्येक माणसाला एक खरं नाव असतं. ते ज्याला कळलं त्याची त्या वस्तूवर सत्ता. म्हणून खरं नाव कुणाला सांगायचं नाही, रोजच्या वापराला दुसरं. गेडला सगळे स्पॅरोहॉक म्हणतात.

तेरा वर्षं पूर्ण झाल्यावर त्याचं नाव ठेवतात तो प्रसंग आठवा. मावशी आधी त्याचं आईनं ठेवलेलं लहानपणचं नाव काढून घेते. मग तो नाव नसलेला, अंगावर कपडा नसलेला, थंडगार झऱ्यातून चालत पलीकडे जातो. पलीकडे ओगियन उभा. तो त्याच्या कानात नाव सांगतो.

आपल्याकडे बारशाला आत्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते. सासरी गेल्यावर माझ्या आजीचं नाव बदललं, आणि तिचं माहेरचं नाव आम्हा नातवंडांना ती गेल्यावर कळलं. पुस्तकातल्या त्या पानावर मी बराच वेळ थांबले. तिला ते नाव कुणीतरी झऱ्यापलीकडे उभं राहून परत द्यायला हवं होतं असं वाटत राहिलं.

मांडवीकाठी

अक्षरवेडी, आजीचं वाचून गलबलले. हा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. तिनं विचारलं, "तुझ्या आजीचं?" मला सांगता आलं नाही. आता आईला फोन करणार आहे.

दिवाडी

आमच्या घरी दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणायचं नाही. लांबडं म्हणायचं. नाव घेतलं की येतो. लहानपणी आम्ही मुद्दाम दबक्या आवाजात नाव घ्यायचो आणि मग रात्रभर पाय पांघरुणात ओढून झोपायचो. गेडनं आढ्यतेपायी नको ते बोलावलं, ते वाचताना मला तीच रात्र आठवली.

आणि बेटावर राहणाऱ्यांना हे पुस्तक जरा जास्तच लागतं. शेवटची फेरी चुकली की आमचं गाव जगापासून तुटतं.

पॉटरप्रेमी_वाळपई

माझी सुरुवात 'हॅरी पॉटर आणि परीस' या मराठी पुस्तकापासून. वाळपईत इंग्रजी प्रत मिळायची नाही तेव्हा, पणजीहून काकांनी मराठी आणलं. जादूच्या शाळेची कल्पना मला वाटायचं १९९७ मध्ये पहिल्यांदा आली. मग कुणीतरी अर्थसी हातात दिलं आणि बघतो तर १९६८ लाच रोकवर विद्यालय, नऊ गुरू, खोड्या, वैर, सगळं हजर!

हॅरीच्या पहिल्या पुस्तकात खाणं फार चविष्ट आहे मात्र. रोकवर जेवणाची तशी चैन नाही.

केपेकर

पॉटरप्रेमी, शाळेची परीक्षा नापास करणारा मुद्दा काढलात. जेवण नाही तर आमचा प्रवेश रद्द.

फोंड्याचे_मास्तर

मी हायस्कूलला शिकवतो. नववी-दहावी. या पुस्तकाकडे मी जरा वेगळ्या वाटेनं आलो.

गेड हुशार आहे, गरीब घरचा आहे आणि त्याला दोन्ही गोष्टींची सतत जाणीव आहे. रोकवर त्याला जॅस्पर भेटतो. चांगल्या घरचा, वागण्यात सफाई, तोंडावर गोड. जॅस्पर फारसं काही वाईट करत नाही. तो फक्त किंचित हसतो. ते हसू गेडच्या काळजात काट्यासारखं रुतून बसतं, आणि एका रात्री टेकडीवर, सगळ्यांसमोर, नुसतं दाखवून द्यायला, तो शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या राणीला बोलावतो. तिच्यामागून ती काळी सावली जगात शिरते. गेडचा चेहरा फाडते. तिला हाकलायला थोर गुरू नेमर्ले स्वतःचा जीव खर्ची घालतो.

माझ्या वर्गात पाचवीपर्यंत... चुकलो, चौथीपर्यंत मराठीत शिकलेली आणि पाचवीत इंग्रजीत आलेली मुलं असतात. सुरुवातीपासून इंग्रजी कानावर असलेली मुलंही असतात. पहिला एखादा उच्चार चुकला की दुसरा किंचित हसतो. ते हसू मी रोज बघतो. गेडची गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलानं तास संपल्यावर विचारलं, "सर, त्याला परत घेतलं का शाळेत?" मी म्हटलं, घेतलं. पण तो कितीतरी महिने बरा होत होता, त्याच्या बरोबरीचे पुढे गेले आणि त्याला धाकट्या मुलांबरोबर बसावं लागलं. मुलगा म्हणाला, "पण घेतलं ना."

म्हणून मला हे पुस्तक मोलाचं वाटतं. चूक मोठी आहे, भोग मोठा आहे, तरी दार बंद होत नाही. व्हेच हा त्याचा मित्र निघताना स्वतःचं खरं नाव त्याला सांगून जातो. ज्याच्यामुळे गुरू गेला, त्या मुलाला! एवढा विश्वास.

अक्षरवेडी_म्हापसा

मास्तर, त्या मुलाला पुस्तक द्या.

फोंड्याचे_मास्तर

दिलं. इंग्रजी त्याला जड जातंय, तरी नेटानं वाचतोय.

रातांबा

सगळ्यांचं कौतुक वाचून मी पुस्तक मिळवून वाचलं. आता बोलायचा अधिकार आला.

भाषा देखणी आहे, हे कबूल. पण दोन तक्रारी आहेत. पहिली: संवाद फार थोडे. पानंच्या पानं कुणीतरी चुलीपाशी बसून सांगतोय असं निवेदन. माझ्या भाच्यानं तिसऱ्या प्रकरणात सोडून दिलं, त्याला घडामोडी पटापट हव्यात.

दुसरी तक्रार मोठी. बायका कुठे आहेत? विद्यालयात सगळे मुलगे. शिकवणारे सगळे पुरुष. गॉन्टवर तर म्हणच आहे की बायकांची जादू दुबळी आणि बायकांची जादू दुष्ट. मावशी अडाणी, लोभी. ओगियनकडे असताना गेडला डिवचणारी मुलगी, तीही कपटी. पुढे ओस्किल बेटावरच्या गढीत भेटते तीही तीच, आणि तशीच. व्हेचची बहीण गोड आहे, पण ती स्वयंपाकघरात. मांडवीकाठी, तुमच्या आठवीतल्या मुलीला हे खटकलं नाही?

मांडवीकाठी

रातांबा, खटकलं. अगदी याच मुद्द्यावर आमचं बोलणं झालं. तिचं म्हणणं, "मी रोकला अर्ज केला असता तर घेतलंच नसतं." मावशीबद्दल मात्र तिचं मत तुमच्याहून निराळं आहे. कारगाडचे लुटारू गावावर चालून येतात तेव्हा पोरगा धुक्याचा मंत्र टाकून गाव वाचवतो. ती वाऱ्या-धुक्याची गावठी विद्या त्याला आली कुठून? हवामान बघणाऱ्या एका माणसाकडून थोडी, आणि पाया मावशीचाच. तिनं नसतं शिकवलं तर पुढचं पुस्तकच नव्हतं.

संवादांबद्दल म्हणाल तर मला तेच निवेदन आवडलं. मोठ्यानं वाचायला फार चांगलं आहे. भाच्याला वाचायला देऊ नका, वाचून दाखवा.

सांजवेळ

रातांबा, हा प्रश्न लेखिकेनंच पुढे स्वतःला विचारला. दुसऱ्या पुस्तकाची नायिका टेनार. लहानपणी घरातून उचलून नेलेली, काळोख्या थडग्यांची पुजारीण केलेली मुलगी. तिचंही नाव काढून घेतलेलं आहे (अक्षरवेडी, तुमच्यासाठी). आणि 'तेहानू'मध्ये तर मध्यमवयीन टेनार, एक भाजलेली पोर, आणि शक्ती गमावलेला गेड. जादूची सत्ता पुरुषांकडेच का, हे तिथे घराच्या आतून, भांडी-धुणी करणाऱ्यांच्या बाजूनं विचारलंय. आपलंच जग आपणच परत तपासणारे लेखक विरळा. पहिलं पुस्तक वाचून तुम्हाला राग आला असेल तर चौथं तुमच्यासाठी आहे.

मांडवीकाठी, म्हणूनच माझं मत पुढे जा. पहिल्या पुस्तकाला धक्का लागत नाही. ते आहे तिथे पूर्ण राहतं. दुसऱ्याचं आकाशच वेगळं. पहिल्यात उघडा समुद्र, दुसऱ्यात जमिनीखालचा चक्रव्यूह, दिवासुद्धा लावायची बंदी.

पेडणेची_पोर

मी बारावीत आहे, इथे पहिल्यांदाच लिहितेय. मला एक सांगायचं होतं. गेडचा रंग तांबूस-सावळा आहे. व्हेच तर काळाच आहे. गोरे कोण, तर ते लुटारू. पुस्तकात हे अगदी सहज, मध्येच येतं, गाजावाजा नाही. मला ते कळलं तेव्हा मी मागे जाऊन परत वाचलं. तोवर माझ्या डोक्यातला गेड गोराच होता! एवढ्या फँटसी वाचल्या, त्यात नायक सावळा पहिल्यांदाच भेटला.

सांजवेळ

पेडणेची पोर, स्वागत. फार नेमकं पकडलंस. मुखपृष्ठांवर गेडला गोरा काढायचे, त्यावर लेखिका वर्षानुवर्षं भांडली. २००४ मध्ये टीव्हीसाठी मालिका झाली, तिथेही गोरा नट घेतला. तिनं जाहीरपणे त्याविरुद्ध लिहिलं.

दिवाडी

अवांतर, पण राहवत नाही. गेडची सावली वाचताना मला आमचा देवचार आठवला. बांधावरून रात्री काठी टेकत फिरणारा राखणदार. आजी सांगायची, त्याला भ्यायचं नाही, वाट द्यायची. खाजनाचा, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या शेतीचा, बांध फुटू नये म्हणून तो राखण करतो. आपल्याकडची भुतंखेतं एवढी कामाची असताना त्यांच्यावर अशी मालिका कुणी का लिहीत नाही?

केपेकर

देवचारावर मालिका निघाली तर पहिलं पुस्तक मी घेणार. बांध, मानस (बांधातलं पाण्याचं दार), खारं पाणी, खेकडे, सगळा मालमसाला तयार आहे.

पॉटरप्रेमी_वाळपई

सत्तरी तालुक्यातल्या जंगलाचा एक भाग राखून ठेवा. आमच्याकडेही राखणदार आहेत.

शब्दखूळ

इथे एक बोचरा मुद्दा मांडतो. आपण सगळे मराठीत लिहितोय, पण चर्चा इंग्रजी पुस्तकावर. 'चांदोबा' वाचून, नाथमाधवांची 'वीरधवल' वाचून आमची पिढी अद्भुताकडे गेली. आजच्या मुलांना मराठीत फँटसी मागायची सवयच उरलेली नाही, कारण गोव्यात पाचवीपासून शाळाच इंग्रजी. दोष मुलांचा नाही, आपला आहे.

फोंड्याचे_मास्तर

शब्दखूळ, व्यथा खरी आहे. पण मुलं इंग्रजीत का होईना, वाचताहेत. त्या मुलानं माझ्याकडून गोष्ट मराठीत ऐकली आणि मग इंग्रजीत वाचायला घेतली. ऐकली नसती तर पहिलं पानही उलटलं नसतं. घरात आणि वर्गात गोष्टी मराठीतून सांगत राहायचं हे आपल्या हातात आहे.

शब्दखूळ

सांगायला हरकत नाही. लिहायलाही कुणी बसावं एवढीच इच्छा. दिवाडी, तुम्ही लिहा.

दिवाडी

आजीच्या गोष्टी उतरवून काढायला सुरुवात करतो. मालिका-बिलिका नंतर.

रातांबा

आता शेवटाबद्दल बोलू या का? मला तो पटायला वेळ लागला. सावलीचं नाव जेव्हा

केपेकर

अहो थांबा! रसभंग! मी अजून पाचव्या प्रकरणात, पेंडोरच्या ड्रॅगनपाशी आहे. तुमच्या सगळ्यांमुळे काल घेतलं.

संपादक

शेवटाची चर्चा करायची असल्यास प्रतिसादाच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत इशारा द्यावा. रातांबा, तुमचा प्रतिसाद अर्ध्यावर तोडला आहे. आणि मूळ प्रश्न पुढच्या भागांबद्दलचा आहे, कृपया तिकडे वळावं.

केपेकर

संपादकांचे आभार. ड्रॅगनचा प्रसंग काय जबरदस्त आहे हो! गेड त्याला जुन्या कथांवरून ताडलेल्या नावानं बांधतो, आणि तो म्हातारा ड्रॅगन उलट सौदा मांडतो की तुझ्यामागे लागलेल्या त्या सावलीचं नाव मी सांगतो, मला मोकळं कर. गेडला स्वतःचा जीव वाचवता आला असता. तो मागतो काय, तर ड्रॅगननं बेटांवरच्या गरीब कोळ्यांना कधीच त्रास द्यायचा नाही. माझ्या डोक्यात नायक झाला तो तिथे. शेळीवाला पोर आत्तापर्यंत मला जरा आगाऊ वाटत होता.

तारवटी

केपेकर, आता झोपू नका. पुढची प्रकरणं एका बैठकीत वाचा. त्यातलं एक सांगतो, शेवट फुटत नाही. गेड पळून पळून थकतो आणि ओगियनकडे परत येतो. ओगियन त्याला सांगतो, आता मागे फिर आणि जो तुझ्यामागे लागलाय त्याच्या मागे तू लाग. तिथून पुस्तकाची दिशाच बदलते. तोच समुद्र, पण आता शिकारी गेड.

मी हे वाचलं तेव्हा घरच्या एका भांडणापासून लांब राहायला मुद्दाम मोठं कंत्राट घेऊन जहाजावर गेलो होतो. पुढच्या बंदरातून भावाला फोन केला. अजून सगळं जुळलं नाही, पण बोलणं सुरू आहे.

अक्षरवेडी_म्हापसा

तारवटी, बोलणं सुरू राहो.

रातांबा

इशारा: शेवटाबद्दल मोघम बोलतोय, नावगाव काढत नाही.

शेवटी मोठी लढाई नाही, सैन्य नाही, विजयाची मिरवणूक नाही. भर समुद्रात दोघे मित्र आणि एक होडी. मी फँटसीत लढाई शोधणारा माणूस, मला पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटलं. मग रात्री परत शेवटचं प्रकरण काढून वाचलं. लढाई असती तर पुस्तक लहान झालं असतं. बायकांबद्दलची तक्रार कायम आहे आणि त्याच तक्रारीसाठी चौथं मागवलंय. दुसरं-तिसरं वाटेत लागेलच.

मांडवीकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला फोन केला होता. माझ्या आजीचं माहेरचं नाव मिळालं. इथे लिहीत नाही, मुलीला सांगितलं.

पुढे वाचायचं ठरतंय. सांजवेळ, तुमचा मुद्दा पटला की पहिलं आहे तिथे पूर्ण राहतं. माझी धास्ती तीच होती. चवथीची सुटी लागली की दुसरं मोठ्यानं वाचायचं, एक प्रकरण तिचं, एक माझं, आवाजाची पाळी.

एकच अडचण. मुलीनं लायब्ररीत दुसरं चाळून बघितलं आणि तोंड पाडून परत आली. म्हणते, "बरीच पानं उलटली, गेड कुठेच नाही. मला गेड पाहिजे." तिला काय सांगू?

पेडणेची_पोर

मलाही आधी तसंच झालं! सांगा तिला, टेनारला दहा-वीस पानं दे. मग ती स्वतःच म्हणेल, गेड आला नाही तरी चालेल.

सांजवेळ

गेड येतो. पुस्तकाच्या मध्याच्या आसपास, आणि येतो तो टेनारच्या डोळ्यांनी दिसतो, एक परका चोर म्हणून. पहिलं पुस्तक वाचलेल्यालाच माहीत असतं की हा कोण आहे. टेनारला माहीत नसतं. ही गंमत घेण्यासाठी पहिलं आवडलेलं असणं फार उपयोगाचं.

केपेकर

पुस्तक संपलं. आता रातांबा, बोला, मी तयार आहे. इशारा देऊन हवं तितकं बोला.

तारवटी

मी पुढच्या महिन्यात बोर्डवर चढतो, दुसरं बॅगेत टाकणार आहे. सांजवेळ, एवढंच सांगा, लुकफार आहे का त्यात?

सांजवेळ

आहे. तिसऱ्यातही आहे. याहून जास्त सांगितलं तर संपादक माझाही प्रतिसाद अर्ध्यावर तोडतील.